जाणारा वेग

मित्रांनो, तुमच्या घरात टीव्हीच्या मागे, कपाटाच्या डोक्यावर नाहीतर एखाद्या कोनाड्यात एक लहानसा डबा असेल. त्याच्या अंगावर हिरवे दिवे लुकलुकत असतील. नेट नीट चालू असलं की त्याची कुणाला आठवण होत नाही आणि बंद पडलं की सगळं घर त्याच्यावर तुटून पडतं. तसाच एक जुना राऊटर मी. माझे दिवे आता विझले आहेत आणि अंगावर बोटभर धूळ साचली आहे. पण ज्या माणसांसाठी मी जागलो, त्यांची गोष्ट अजून माझ्या मनात ताजी आहे. ती तुम्हांला सांगावीशी वाटते.

माझा जन्म एका लांबलचक, थंडगार कारखान्यात झाला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका रांगेने बसून माझ्या भावंडांच्या पोटात बारीकसारीक भाग बसवत असत. शेवटच्या टेबलावरच्या बाईने मला वीज दिली तेव्हा माझे दिवे पहिल्यांदा लागले. तिने ते नीट पाहिले आणि हळूच म्हणाली, "जा बाबा, चांगलं घर मिळू दे तुला." मग तिने मला खोक्यात घातलं. गोदामातल्या अंधारात मी किती दिवस पडून होतो कोण जाणे. तिथे मी एकच विचार करायचो, आपल्याला घर कसं मिळेल?

घर मिळालं ते एका अरुंद गल्लीतलं, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांचं. केबल कंपनीच्या वायरमनने मला खोक्यातून काढलं, कपाटावर बसवलं आणि टीव्हीच्या केबलचंच एक टोक माझ्या पाठीला जोडलं. माझे दिवे लागताच समोर उभी असलेली एक बाई टाळ्या वाजवू लागली. पण गंमत अशी, की तिच्या टाळ्यांचा आवाजच होत नव्हता. तिने दोन्ही हात वर करून पंजे नुसते हलवले. तिच्या भाषेत टाळ्या तशाच वाजवतात, हे मला पुढे कळलं.

ती या घरातली आई. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची. एका छापखान्याच्या बांधणी विभागात ती कामाला होती. तिथे यंत्रांचा असा घरघराट चालायचा की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही कुणाला ऐकू जात नसे. त्यामुळे तिथली माणसं आईकडून हातांची भाषा शिकली होती. "आमच्या छापखान्यात सगळेच बहिरे, फक्त मला त्याची सवय आहे," असं ती हातांनी सांगायची आणि पोट धरून हसायची.

बाबा बस चालवायचे. ते बोलके, गप्पिष्ट. लग्नानंतर ते हातांनी बोलायला शिकले होते, पण त्यांचे हात मोठे आणि हालचाली त्याहून मोठ्या. आईला ते साधं "चहा दे" म्हणाले तरी बस मागे घ्यायला सांगताहेत असं वाटायचं. आई त्यांना चिडवायची, "तुम्ही ओरडता फार."

आणि त्यांची लेक भिंगरी. हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. लहानपणी ती अंगणात स्वतःभोवती गिरक्या घेत राहायची, म्हणून आईने तिला एक खूण दिली होती. एक बोट वर धरायचं आणि गर्रकन फिरवायचं. हातांनी बोलणाऱ्या माणसांत नाव असंच ठेवतात. अक्षरं जुळवत बसत नाहीत. त्या माणसाचं काहीतरी खास हेरतात आणि त्याची खूण करतात. अशी खूण मिळाली की तुम्ही त्यांच्यातले झालात. बाबांनी ती खूण पाहिली आणि तोंडाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली.

मित्रांनो, माझं काम तसं सोपं. नाक्यावर उभं राहावं, बाहेरून येणारं आत घ्यावं आणि घरातून जाणारं बाहेर सोडावं. सुरुवातीची वर्षं मी ते झोकात केलं. भिंगरीचा अभ्यास माझ्यातून आला. बाबांच्या जुन्या गाण्यांना मी कधी खंड पडू दिला नाही. आईला मी दूरदूरच्या मूकबधिर बायकांच्या गप्पा दाखवल्या. पाहुणे आले की बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "एवढासा दिसतो, पण खमका आहे गडी." आई दर रविवारी कोरड्या फडक्याने मला पुसायची.

मग भिंगरीला परदेशात नोकरी लागली. हाडांच्या एका मोठ्या दवाखान्यात ती लोकांना पुन्हा चालायला शिकवू लागली. ती निघाली त्या दिवशी आईने तिचे दोन्ही पंजे आपल्या पंजांत घट्ट धरून ठेवले होते. हात धरले की त्यांच्या भाषेत बोलणं थांबतं. त्या दोघी बराच वेळ तशाच न बोलता उभ्या राहिल्या.

त्यानंतर दर रविवारी सकाळी माझी खरी परीक्षा असायची. आई नीट केस विंचरून, गडद रंगाचा झगा घालून टेबलापाशी बसायची. गडद रंगावर हात उठून दिसतात. टॅब्लेट पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा करायची. भिंगरीचा चेहरा उमटला की दोघींचे हात असे उडू लागायचे की बाबांना मध्ये शिरायला जागाच मिळत नसे. "अगं, मलाही एक मुलगी आहे," असं म्हणत ते खुर्ची ओढून बसायचे. त्या काळात गल्लीत माझ्यासारखे डबे थोडेच होते. केबलवरची वाट मोकळी होती. आईचे हात मी बाहेर सोडायचो आणि ते जसेच्या तसे भिंगरीच्या खोलीत पोचायचे. मला वाटायचं, याचसाठी आपण जन्माला आलो.

भिंगरीने तिकडेच लग्न केलं. जावई स्वभावाने चांगला, पण हातांची भाषा त्याला येत नव्हती. मग नात झाली. आईने तिला पहिल्यांदा माझ्यातून पाहिलं. कापडात गुंडाळलेलं ते बोचकं पाहताना ती हात हलवायचंच विसरली.

आता इथून गोष्ट बदलते.

हळूहळू गल्लीतल्या घरोघरी नेट आलं. मुलं खेळ खेळू लागली, मोठी माणसं सिनेमे पाहू लागली आणि सगळ्यांची वाट तीच एक जुनी केबल. तिची रचनाच अशी होती की घरात येण्यासाठी रुंद रस्ता आणि घरातून जाण्यासाठी अगदी चिंचोळी पायवाट. बहुतेकांना फक्त घ्यायचं असतं, पाठवायचं काही नसतं, म्हणून कंपन्यांनी तसंच ठेवलं होतं. रविवारी सकाळी तर सगळी गल्ली घरी. येणारं सगळं माझ्यापर्यंत भराभर यायचं. जाणारं मात्र माझ्या दाराशी तुंबायचं.

त्यामुळे काय व्हायचं? आईला भिंगरी लख्ख दिसायची. नात रांगताना दिसायची, उभी राहताना दिसायची. पण आई तिकडे दिसत नव्हती. तिचे हात माझ्याकडून निघायचे आणि वाटेत तुटायचे. तुम्ही आवाजाने बोलता. चित्र अडकलं तरी तुमचा आवाज कसाबसा पोचतो. आईचं चित्र अडकलं की तिचं बोलणंच बंद.

पहिल्यांदा असं झालं तेव्हा भिंगरीने खरं सांगितलं होतं, "आई, तू नीट दिसत नाहीस." त्यावर आई दचकली. ती हात मोठेमोठे आणि संथ करून बोलू लागली, एकेक शब्द वेगळा काढून, अपराधी चेहऱ्याने. भिंगरीच्या लहानपणी ऐकू येणाऱ्या लोकांसमोर ती अशीच बोलायची. तुटक दिसत होतं तेवढंही भिंगरीला बघवेना. बाबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. नव्या जोडणीचा खर्च त्यांच्यावर कशाला टाकायचा, हाही विचार तिच्या मनात आला. पुढच्या रविवारी आईने विचारलं, "दिसते का मी?" भिंगरी हसली आणि तिने मान डोलावली.

त्या दिवसापासून ती मान डोलावत राहिली.

मी सगळं पाहत होतो. काय पोचलं नाही ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण मला तोंड नाही आणि हातही नाहीत. दिवे लुकलुकवण्यापलीकडे मी काय करणार?

एका रविवारी नात टेबलाला धरून उभी होती. समोर आजीचा चेहरा येताच ती लाजली आणि तिने गाल खांद्यावर टेकवला. आईने हे आधीही पाहिलं होतं. ही पोर लाजली की असंच करते, हे तिच्या लक्षात आलं होतं. त्या दिवशी आई ताठ बसली. तिने आपला गाल उजव्या खांद्याकडे कलवला आणि त्यावर दोन बोटं हलकेच टेकवली. मग भिंगरीला म्हणाली, "हे हिचं नाव. मी ठेवलं. आवडलं तुला?"

तिकडे तेव्हा काय दिसत होतं? आईच्या चेहऱ्याच्या जागी राखाडी चौकोन. बाकी काही नाही.

भिंगरीने मान डोलावली.

आई केवढी खूश झाली! बाबांना तिने ती खूण दिवसभरात किती वेळा करून दाखवली. छापखान्यातल्या बायकांना दाखवली. पण पुढच्या रविवारी भिंगरीने लेकीबद्दल सांगताना ती खूण केली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. ती नेहमीसारखी "बाळ" म्हणाली. आईने स्वतः खूण करून पाहिली, भिंगरी नुसती हसली. आई पुन्हा काही म्हणाली नाही. नात समोर आली तरी ती आजीकडे पाहीना. पडद्यावरची ही हलत नसलेली बाई म्हणजे तिला भिंतीवरचं चित्र वाटत असणार. खेळणं घेऊन ती निघून जायची.

आई एकदा बाबांना म्हणाली, "तिला माझ्या हातांची लाज वाटते. नवऱ्यासमोर नको असेल तिला."

"काहीतरीच काय! आपली भिंगरी आहे ती," बाबा म्हणाले.

"मग माझ्या नातीला नाव का नाही?"

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या डोक्यावर एक चापट मारली. "या डब्याचंच काहीतरी बिनसलंय. म्हातारा झालाय मेला."

मित्रांनो, मला राग आला नाही. वाईट मात्र वाटलं.

त्यानंतर बाबांनी नेट बदलण्याचं मनावर घेतलं. ते रोज एकेका कंपनीच्या दुकानात जाऊन यायचे आणि रंगीत कागद घेऊन यायचे. टेबलावर ते कागद पसरून, चष्मा कपाळावर चढवून त्यांचा अभ्यास चालायचा. एका कंपनीचं नेट स्वस्त, पण सहा महिन्यांनंतर दर दुप्पट. दुसरी टीव्ही फुकट द्यायची, पण जोडणीचे पैसे वेगळे. तिसरीच्या कागदावर वेगाचा आकडा एवढा मोठा छापलेला की आईला तो पलंगावरून वाचता यायचा, आणि त्याच्यापुढे मुंगीएवढ्या अक्षरांत "पर्यंत". या एका शब्दाशी बाबांचं हाडवैर जडलं. दुकानातल्या विक्रेतीला ते म्हणाले होते, "बाई, माझी बससुद्धा ताशी शंभर 'पर्यंत' जायची. उतारावर, रिकामी असताना."

"काका, आमचा खरंच शंभर येतो," ती म्हणाली. "लावून तर बघा."

मोबाइलवर चालणारं नेट घ्यावं असंही त्यांच्या मनात आलं. पण आमच्या खोल्यांत मोबाइलचा सिग्नल म्हणजे जिन्यापर्यंत येऊन परत जाणारा पाहुणा. शेवटी त्यांनी आमच्याच जुन्या कंपनीचा, तेवढ्याच शंभराचा मोठा प्लॅन घेतला. त्यात डबा बदलावा लागत नव्हता. मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. वेग मोजून पाहिला तर वरचा आकडा खरोखरच शंभराच्या आसपास. बाबांनी आईसमोर पंजे हलवून टाळ्या वाजवल्या.

रविवारी भिंगरी आणखी लख्ख दिसली. तिच्या मागच्या भिंतीवरची भेगही दिसली. आईने केस विंचरले होते, गडद झगा घातला होता. तिने गाल कलवला, दोन बोटं टेकवली आणि वाट पाहत राहिली.

भिंगरीने मान डोलावली आणि विचारलं, "जेवलीस का?"

आई उठली आणि आतल्या खोलीत निघून गेली. आईने भिंगरीसमोरून असं उठून जाणं हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बाबा पुढे सरकले. ते तोंडाने बोलले. आवाज हलका असतो. चिंचोळ्या वाटेवरूनही तो कसाबसा निघून जातो. "भिंगरी, एक विचारू? खरं सांगशील?"

"काय झालं बाबा? आई आहे ना समोर?"

"ती उठून गेली, तुला दिसलं नाही?"

 मग भिंगरीचा आवाज आला. "नाही बाबा. मला अजूनही ती तिथेच बसलेली दिसतेय."

बाबांनी मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं.

"मला आई दिसतच नाही," भिंगरी म्हणाली. "किती महिने झाले. कधी एखादा हात दिसतो, कधी अर्धा चेहरा. बाकी सगळं मी अंदाजाने ओळखते."

"अगं मग मान का डोलावतेस?"

"तिला थांबवावंसं वाटत नाही बाबा. ती इतकी भरभरून बोलत असते. मी नाही म्हटलं की ती कशी होते, तुम्हांला माहीत आहे. मला वाटलं, तिला मी दिसते ना, तेवढं तरी असू दे."

"पण मी मोठा प्लॅन घेतला! शंभर आहे वेग!"

"बाबा, वेग मोजता तेव्हा दोन आकडे येतात. वरचा येणाऱ्याचा. खालचा बघा, जाणाऱ्याचा."

बाबांनी पुन्हा मोजलं. वरचा आकडा शंभराला टेकलेला. खालचा एक व्हायची वाट पाहत लटपटत होता. बाबांनी चष्मा पुसून तो आकडा पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे इकडे यायला शंभर गाड्या आणि इथून जायला एक, तीही पंक्चर. आणि इतके दिवस कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नसेल."

"विचारायचं असतं हेच कुठे ठाऊक होतं!"

त्याच दिवशी भिंगरीने आपल्या पडद्यावर जे दिसत होतं त्याचं चित्रण पाठवलं. बाबांनी ते आईला दाखवावं की नाही असं करत टॅब्लेट हातात धरून येरझाऱ्या घातल्या. शेवटी दिला. आईने पाहिलं. टेबलापाशी एक राखाडी ठोकळा बसला होता. मध्येच एक बोट, मध्येच केसांची बट, मग पुन्हा ठोकळा. आईने ते शेवटपर्यंत पाहिलं, मग पहिल्यापासून पुन्हा पाहिलं.

"इतके दिवस मी भिंतीशी बोलत होते?" तिने विचारलं.

"भिंतीशी नाही गं. तिच्याशीच बोलत होतीस," बाबा आपल्या मोठ्या हातांनी म्हणाले. "फक्त तिला ऐकू येत नव्हतं."

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. "तिला? ऐकू येत नव्हतं?" असं म्हणून ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली.  बाबांनी आईचा एक हात धरला. दुसरा मोकळा ठेवला, तिला काही बोलायचं असेल तर.

त्या मोकळ्या हाताने आई म्हणाली, "म्हणजे तिने नाव नाकारलं नाही. तिला ते मिळालंच नाही."

मग शोध नव्याने सुरू झाला. आता बाबा दुकानात शिरल्या शिरल्या म्हणायचे, "येणारा वेग सांगू नका. जाणारा सांगा." पुष्कळांना त्याचं उत्तर ठाऊक नसायचं. त्याच शंभरवाल्या विक्रेतीने मात्र पुस्तिका उघडली, बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, "काका, आमचं तुमच्या कामाचं नाही. काचेच्या तारेचं, म्हणजे फायबरचं घ्या. त्यात येणं-जाणं सारखंच असतं." दर पाहिले तर बाबांच्या मोठ्या प्लॅनपेक्षा थोडेसेच जास्त निघाले.

पण ती काचेची तार मोठ्या रस्त्यापर्यंतच आली होती. गल्लीतली पुरेशी घरं तयार झाली तरच ती कंपनी आत खोदकाम करणार होती. बाबा घरोघर गेले. ते बोलण्यात पटाईत, तरी हात हलवत परत आले. "आमचं नेट बरं चाललंय की," असंच जो तो म्हणाला. खरंही होतं. त्यांना फक्त येणारं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आईने गडद झगा घातला, टॅब्लेट काखेत मारला आणि ती एकटीच बाहेर पडली. या गल्लीत इतकी वर्षं राहून ती कधी कुणाच्या दारात बोलायला गेली नव्हती. पुढचं मी बाबांनी भिंगरीला सांगितलं तेव्हा ऐकलं. आई आधी वरच्या मजल्यावर गेली. तिथे एक बाई राहत असे, ती नेटवरून गाणं शिकवायची. आईने तिच्यासमोर तो राखाडी ठोकळा लावला आणि मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. ही मी. मग दूर बोट दाखवलं. ती माझी मुलगी.

गाणंवालीने ते पाहिलं आणि मटकन खाली बसली. "अहो, माझ्या विद्यार्थिनी सांगतात, बाई, तुमचा आवाज मध्येच जातो. मी त्यांनाच ओरडते, तुमचं लक्ष नसतं म्हणून!" ती उठली, पायांत चपला सरकवल्या आणि आईबरोबर निघाली. आई दाखवायची, गाणंवाली बोलायची. कोपऱ्यावरचा बेकरीवाला आधी म्हणाला, "मला काय करायचंय? मी पाव विकतो." मग त्याने ते चित्रण पाहिलं, हातावरचं पीठ झटकलं आणि विचारलं, "माझी म्हातारी मला फोनवर बघते, तिलाही असंच दिसत असेल का हो?" गाणंवालीने यादी पुढे केली. "लिहा माझं नाव," तो म्हणाला.

गल्ली खोदली गेली तोपर्यंत नात पळू लागली होती, बोलूही लागली होती. मधले कितीतरी रविवार आई आणि भिंगरी लिहून बोलल्या. कधी आई चित्रण करून पाठवायची. पण त्यात समोरच्याचं हसू नसतं. आपण काही सांगावं आणि समोरच्याच्या भुवया वर जाव्यात, याला गप्पा म्हणतात. नातीच्या नावाचं चित्रण आईने पाठवलं नाही. बाबांनी सुचवलं तेव्हा ती म्हणाली, "नाव असं पाठवायचं नसतं. समोर बसून द्यायचं असतं."

काचेच्या तारेबरोबर नवा डबा आला. काळा, सडपातळ, एकाच दिव्याचा. वायरमनने माझ्या पाठीची केबल काढली. माझे दिवे एकेक करून विझले. आईने मला उचललं, फडक्याने पुसलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवलं. तिथून टेबल दिसतं. तेवढं माझं नशीब.

रविवार आला. आई आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी होती. तांब्याला टेकवलेल्या टॅब्लेटवर भिंगरी उमटली. ती नुसती पाहत राहिली. मग तिचे हात हळूच वर आले. "आई, तुझे केस पांढरे झाले."

"कधीच झाले," आई म्हणाली.

"मला दिसलेच नव्हते."

मग नातीला मांडीवर घेऊन भिंगरी बसली. आईने गाल उजव्या खांद्याकडे कलवला आणि त्यावर दोन बोटं टेकवली. भिंगरीच्या कपाळावर आठी पडली. "हे काय?"

"हे हिचं नाव. ती टेबलाला धरून उभी राहत होती तेव्हा ठेवलं. तुला विचारलंही होतं."

"मग? मी काय म्हणाले?"

"तू मान डोलावलीस."

भिंगरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांच्या भाषेत अशा वेळी माणूस मुका होतो. नात भिंगरीच्या मांडीवरून वळून तिच्याकडे पाहू लागली, मग समोर आजीकडे पाहू लागली. भिंतीवरचं चित्र आज हलत होतं. आजीने पुन्हा गाल कलवला आणि मग तिच्याकडे बोट दाखवलं. तू. हे तू.

पोरीने गाल खांद्यावर टेकवला आणि दोन बोटं त्यावर ठेवली. चुकून डाव्या खांद्यावर, कारण समोर पाहून केलं की उजवं-डावं उलटं होतं. भिंगरी तिला दुरुस्त करायला गेली. आईने तिला थांबवलं आणि स्वतःच गाल डावीकडे कलवला. "राहू दे. आता हेच नाव."

मित्रांनो, त्या बोलण्यातला एक कणही माझ्यातून गेला नाही. सगळं त्या नव्या काळ्या डब्याने नेलं. मी फळीवरून पाहत होतो आणि मला राहून राहून वाटत होतं, ते एक नाव तरी मला पोचवता आलं असतं! एवढी एकच इच्छा माझी राहून गेली. आईचीही राहिलीच आहे. नातीला तिने अजून जवळ घेतलेलं नाही. बोलणं संपलं, पडदा काळा झाला, तरी ती त्यासमोर थोडा वेळ बसते. ज्या खांद्यावर तो गाल टेकतो, तिथे पडद्यावर बोट ठेवते. काचेच्या तारेतून हात दिसतात, पण त्यांची ऊब येत नाही.

तुम्ही नवं नेट जरूर घ्या. वेग तपासा, दर ताडून पाहा, बारीक अक्षरं वाचा आणि जाणारा वेग विचारायला विसरू नका. आमच्यासारखे जुने डबे कचऱ्यात फेकू नका. अजून कुठेतरी त्यांचा उपयोग होतो. पण माझं खरं मागणं याहून लहान आहे. कधी दूरचं कुणीतरी तुमच्याशी भरभरून बोलत असेल आणि तुमच्यापर्यंत काहीच पोचत नसेल, तर त्याचं मन राखायला मान डोलावू नका. त्याला वाईट वाटेल, क्षणभर चेहरा पडेल, पडू द्या. एवढंच म्हणा, "दिसलं नाही. परत सांग."

ते परत सांगतील.